रिकामी ठेवलेली जागा

प्रिय दिव्यानी,

प्रिय लिहिलं, कारण तुझ्या आईला दुसरं काही चाललं नसतं. बाकी मनात राग आहे. तो कलकत्त्याहून येताना गाडीत उतरला नाही आणि इथे सकाळच्या प्रार्थनेतही उतरत नाही.

तू फोनवर म्हणाली होतीस, हे जॅझचं शहर आहे. मी लवकर पोचलो होतो, म्हणून फिरत राहिलो. एका हॉटेलच्या दारातून आत पाहिलं, तर एक म्हातारा पितळी वाजा फुंकत होता. तो थांबला की पियानोवाला त्याला उत्तर द्यायचा, मग ढोलवाला. आपल्या भजनात बुवाची ओळ मागचे झेलतात ना, तसंच. वाटलं, पोरगी चांगल्या ठिकाणी आली आहे. दरवानाने मला हाकललं नसतं, तर तुझ्या कार्यक्रमाला आलोच नसतो. बरं झालं असतं.

तुझ्या हॉलमध्ये काळे शर्ट, त्यांवर कवट्या. पोरं अंगात आल्यासारखी माना फिरवत होती, पण देव कोणाच्याच अंगात नव्हता. घुग्घुसला खाणीत सुरुंग उडतो तेव्हा घराची भिंत हादरते, तशी माझी छाती हादरत होती. आणि मग तू आलीस. ज्या गळ्याने देवळात आरती म्हणायचीस, त्या गळ्याने गुरगुरलीस. याला तुम्ही हेवी मेटल म्हणता. मला तर ते गाण्याचा सूड घेणं वाटलं.

तेही मी सोसलं असतं. पण तू आईचं गाणं काढलंस. मोहफुलं वेचताना बाया पांगतात. एकीने हूऽऽ केलं की ऐकणाऱ्या प्रत्येकीने हूऽऽ करायचं, आणि कोणाचं उत्तर नाही आलं तर टोपली टाकून धावायचं. तुला हे सांगायला नको, वाघाने आईला धरलं त्या पहाटे तूही तिच्यासोबत होतीस. गाण्यात वाघही तूच झालीस आणि आईही तूच. वाघापर्यंत मी दात आवळून बसलो. मग तू तिची हाक दिलीस, हुबेहूब, आणि सगळी वाद्यं थांबली. कोणी उत्तर देईना. मी उभा राहिलो आणि हूऽऽ केलं.

सगळे वळून हसले. एकाने मोबाइल माझ्यावर धरला. तू मला पाहिलंस, दिव्यानी. ओळखलंस. माईकवर इंग्रजीत काहीतरी बोललीस, लोक आणखी हसले, आणि ढोल पुन्हा सुरू झाले. नंतर म्हणालीस, "बाबा, काऊन असं केलं? ती जागा खालीच ठेवाची असते!"

परवा शेजारच्या चंदाबाईने विचारलं, "काऊन गा डोमाभाऊ, पोरगी कशी गाते?" मी म्हटलं, "जोरात." ती हसली आणि लंगडत घरात गेली. त्या पहाटे तुझ्या आईच्या हाकेवर सगळ्यात आधी धावली ती हीच. पायात मोडलेला काटा तिला अजून ठणकतो. मागून सगळ्या बाया ओरडत, टोपल्या बडवत गेल्या, तेव्हा वाघाने तुझ्या आईला सोडलं. जीव वाचला नाही, पण आपण तिला अख्खी घरी आणू शकलो. तुझ्या गाण्यात तर जंगलात कोणी नव्हतंच.

स्टेशनवर तू म्हणालीस, गाणं रेकॉर्ड होणार आहे, त्याला आईचं नाव देते, 'रीता', हो म्हणा. मी गप्प राहिलो. ते तू हो समजशील, म्हणून हे लिहितो आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे. गाणं तुझं आहे, घसा फुटेस्तोवर गा. पण हाक देऊन एकटी मेली ती बाई रीता नव्हे. त्या रिकाम्या जागेत चंदाबाईचा आवाज घाल. नाहीतर माझ्या बायकोचं नाव काढून टाक.

मोह पडू लागला आहे. उद्या बाया जातील.

तुझाच, पण अजून रागातच,
बाबा