आदर्श पेशंट

३ नोव्हेंबर, सोमवार

१२४–७८! दिवाळीत लाडू झाले, चकल्या झाल्या, शेजारच्या जयाबाईंच्या करंज्या झाल्या – तरी १२४–७८! लगेच वाचनालयातल्या मारुतीरावांना फोन लावला. त्यांचं १५० च्या खाली उतरत नाही. म्हणाले, "हरिभाऊ, तुमचं मशीन तुमच्याच बाजूचं दिसतंय." जळतात.

मशीन रचनानं बेंगळुरूहून पाठवलेलं. फेब्रुवारीत माझ्या हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी रीडिंग. आकडा आपोआप माझ्या फोनमधल्या ॲपवर जातो आणि तिथून थेट बेळगावच्या दवाखान्यात. मी निपाणीत खुर्चीवर बसलेला आणि तिकडे डॉक्टरांना माझं ब्लडप्रेशर कळलेलं! पोरीला एकदा तरी चांगली बुद्धी झाली.

पट्टा बायको बांधते, लतिका. बटण मी दाबतो. दुसऱ्या कुणी दाबलेलं मला चालत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यातल्या सौम्या सिस्टर ॲपवर उत्तरं देतात. मुलगी कामाची आहे, पण लिहिते कानडीत. मी कानडी फाडफाड बोलतो – तंबाखूच्या वखारीत एवढी वर्षं मॅनेजर होतो, अर्धी माणसं कानडीच – पण वाचता येत नाही. लतिकाचं माहेर चिकोडीकडचं, शाळा कानडी. ती वाचून दाखवते. मी एकदा सिस्टरना लिहिलं, "कृपया मराठीत लिहावे." त्यांचं उत्तर आलं – कानडीत. लतिका हसत हसत म्हणाली, "बरं सर, म्हणतीया."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

१२२–७६. लतिका म्हणते, "परीक्षेला बसल्यागत बसताय की वो." परीक्षाच आहे. आणि मी पहिला येतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

लतिका बाजारातून आली ती जिन्यातच बसली. दोन पिशव्या, एकीत नारळ. "लई दम लागला," म्हणाली. म्हटलं, वजन कमी कर, सकाळी माझ्याबरोबर चालायला चल, मला बघ! ती म्हणाली, "तुमाला बघत बघतच तर दमले." बोलायला ऐकायची नाही. पाणी प्यायली आणि भाजी निवडायला लागली. तिला कधी काही होत नाही, हे एक बरं आहे. आमच्या घरात पेशंट एकच. मी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डॉक्टरांचा स्वतःचा मेसेज! इंग्रजीत, त्यामुळे शब्द न् शब्द मी वाचला. ॲप वापरणाऱ्या सगळ्या पेशंटांत माझी नोंद सर्वांत चोख. एकही दिवस चुकलेला नाही. तीस तारखेला बेळगावात पेशंटांचा मेळावा आहे, तिथं 'आदर्श पेशंट' म्हणून माझा सत्कार. शाल, श्रीफळ. आणि मी पाच मिनिटं बोलायचं!

तीनदा वाचला. मग लतिकाला मोठ्यानं वाचून दाखवला, मग जयाबाईंना बोलावून परत.

खरं सांगायचं तर जुनी गोष्ट आठवली. वखार बंद झाली त्या दिवशी मालकांनी शटर ओढलं, किल्ली खिशात टाकली आणि गेले. एवढ्या वर्षांत वजनात कधी फरक येऊ दिला नाही मी, पण मला कुणी "बरं, येतो हरिभाऊ" एवढंसुद्धा म्हणालं नाही. चालत घरी आलो होतो. लतिकानं त्या दिवशी नुसतं ताट वाढलं होतं.

आता शाल! घ्या म्हणावं!

१७ नोव्हेंबर, सोमवार

भाषण लिहायला घेतलं. लतिकाला वाचून दाखवलं. "पाच मिंटं हाय न्हवं? ह्यो तर पारायणाचा ऐवज झाला." दोन पानं कापली. वखारीचा किस्सा मात्र ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज मोठाच घोळ!

सकाळी १३४. माझं! चौतीस! गेल्या कित्येक महिन्यांत इतकं नाही. सत्काराला दहा दिवस असताना! मशीन बिघडलं, दुसरं काय. वखारीत काटा खोटा वाटला की आम्ही त्यावर ठरलेलं वजन ठेवून बघत असू. इथं ठरलेलं वजन कुठून आणणार? लतिकाला म्हटलं, बस. तुला कधी काही झालेलं नाही, तुझं बरोबर आलं तर मशीन बरोबर.

"मला कशाला? पोळ्या ऱ्हायल्यात माज्या," करत बसली. पट्टा मी बांधला. मशीन फुगलं, थांबलं, परत फुगलं. आणि आकडा – १८६–१०४! वर हृदयाचं एक चित्र लुकलुकायला लागलं, माझ्या वेळी ते कधी येत नाही. झालं, मशीन ठार बिघडलं म्हणून मी ते आपटणारच होतो. पण परत माझ्या हाताला लावून बघितलं तर १२४. शहाण्या पोरासारखं!

मग उजेड पडला – ते १८६ सुद्धा आपोआप बेळगावला गेलं की! माझ्या नावावर! नऊ महिन्यांचा स्वच्छ रेकॉर्ड आणि मध्ये हा डाग! घाम फुटला. ताबडतोब मेसेज केला : "आज सकाळी पाठवले गेलेले १८६ हे रीडिंग माझे नसून मशीनची परीक्षा घेताना पत्नीच्या हातावर आलेले आहे. मशीन सदोष. कृपया रद्द करावे."

दुपारी सौम्या सिस्टरचं उत्तर आलं. कानडीत, हे एवढं लांब. लतिकानं वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"काय म्हणते?"

"काढून टाकलं म्हणतीया. काळजी करू नका म्हणतीया."

एवढ्या मजकुरात एवढंच? पण डाग गेला, बस्स!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

१२२–७८. मशीन ताळ्यावर आलं.

सिस्टरचा परत मेसेज. लतिका म्हणाली, "तुमी भाषण पाठ करा, मी देते उत्तर." आणि खरंच बसून कानडीत टाइप केलं की! एका बोटानं, पण केलं. मग स्वतःच्या फोनवरही ॲप घालून मागितलं. रचनाचे फोटो बघण्यापलीकडे फोनला हात न लावणारी बाई! म्हटलं, बघ, माझ्या संगतीचा परिणाम. "व्हय की," म्हणाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मशीनचे सेल संपले. महिन्याभरापूर्वीच घातलेले! दुकानदाराला जाऊन झापलं – जुना माल खपवतो. शिवाय पट्टा उलटा गुंडाळलेला होता. मी असा गुंडाळत नाही. लतिकानं धूळ पुसताना हात लावला असणार. तिला समज दिली. "चुकलं वो," म्हणाली, हे विशेष.

मला म्हणाली, आज वाचनालयात जरा जास्त वेळ बसा, मला फरशी धुवायची आहे. बसलो. चार माणसांना सत्काराचं सांगून झालं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लतिका हल्ली दुपारी झोपते. पूर्वी कधी झोपत नसे. आज विचारत होती, "कार्यक्रम तीसलाच न्हवं? फुडं ढकलत न्हाईत न्हवं?" माझ्यापेक्षा तिलाच घाई! इरकल साडी काढून इस्त्रीला दिली. माझा कोट स्वतः ब्रशनं साफ केला. किती मिरवायची हौस बाईला! बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

हे दवाखान्यात बसून लिहितो आहे. आधी आधीचं लिहितो.

दवाखान्याचा हॉल भरलेला होता. शंभर तरी माणसं. डॉक्टरांनी स्वतः शाल घातली. म्हणाले, "ह्यांच्यासारखे पेशंट असतील तर आम्हाला काम कमी." टाळ्या! लतिका पुढच्या रांगेत बसलेली, इरकलमध्ये, आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिच्या चालूच. मी बोललो. वखारीचा किस्सा लागू पडला. मग मशीनची गंमत सांगितली – ठरलेलं वजन म्हणून बायकोला बसवलं आणि काटाच खोटा निघाला! हॉल हसून हसून लोळला. सौम्या सिस्टर माइकशेजारी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

खाली उतरलो तर कुंदा वाटत होते. हृदयाच्या पेशंटांना खव्याचं गोड! मी लतिकाला शोधत होतो. सिस्टर तिचा हात धरून तिला आत नेत होत्या. मला वाटलं, दवाखाना दाखवताहेत. आदर्श पेशंटची बायको म्हणून.

अर्ध्या तासानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं. लतिकाच्या छातीला वायरी लावलेल्या. "एक-दोन दिवस ठेवून घेतो," म्हणाले.

शाल अजून माझ्या अंगावरच आहे. नारळ कुठं राहिला कुणास ठाऊक.

१ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लतिकाच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, प्रेशर बेसुमार. अशात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की माणूस एका बाजूनं जातो. किंवा जातोच. "वेळेत सापडलं," म्हणाले.

विचारलं, कसं सापडलं?

"तुमच्यामुळे, हरिभाऊ. नऊ महिने तुमची रेघ सरळ चाललेली. त्यात तो एक आकडा आणि ते लुकलुकणारं चित्र. मशीन बरोबरच होतं."

काटा बरोबर होता. वजनच मी जोखलेलं नव्हतं कधी.

तरीही – लिहायला लाज वाटते, पण लिहितो – तरीही छाती फुगली. माझ्या रेकॉर्डमुळे! तसाच वॉर्डात गेलो, तिला सांगितलं. ती उशीवरून म्हणाली, "व्हय वो. तुमच्यामुळंच." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मग डॉक्टर राउंडला आले. जाता जाता म्हणाले, गोळ्या आधीच चालू होत्या ते फार बरं झालं. कसल्या गोळ्या? मला तर माहीत नाही! लतिकानं तोंड भिंतीकडे केलं. "उद्या सांगते. आता पडू द्या जरा."

२ डिसेंबर, मंगळवार

तिनं सांगितलं नाही. सौम्या सिस्टरनी दाखवलं. लतिकाच्या नावाचं खातं एकवीस तारखेपासून आहे. रोजचं रीडिंग, पहाटे, मी उठायच्या आधीचं. एकही दिवस चुकलेला नाही. पंचवीसला जयाबाईंना घेऊन निपाणीतच ईसीजी काढून फोटो पाठवला, व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या. मी वाचनालयात माझा सत्कार सांगत होतो तेव्हा.

मग सिस्टरनी माझाच फोन मागून घेतला. एकवीस तारखेचा कानडी मेसेज, लतिकानं एका बोटानं टाइप केलेला. सिस्टरनी त्यांच्या मोडक्या मराठीत सांगितला, मी लिहून घेतला :

"ते रीडिंग माझं आहे. मशीन चांगलं आहे. तुम्ही सांगाल ते सगळं मी करते, पण ह्यांना तीस तारखेपर्यंत कळवू नका. कळलं तर कार्यक्रम सोडून माझ्यापाशी बसून राहतील. वखार बंद झाली तेव्हा ह्यांना कुणी साधा हारसुद्धा घातला नव्हता. एवढं एकदा होऊ दे."

बारा दिवस माझ्याच खिशात होतं हे.

शाल तिच्या पायांवर घातली आहे. माझं रीडिंग आज राहिलं. तिचं घेतलं. पट्टा मी बांधला, बटण तिनं दाबलं.