दोन रविवारांची सुट्टी

आप्पा, तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं झाली. मी शिरूरच्या एका किराणा मार्टमध्ये बिलिंगला आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही दौंडच्या दुकानात आयुष्यभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडल्यात, मी स्कॅनर धरून उभी असते.

सातवीत असताना माझं गॅदरिंग रविवारी होतं. मी नाचात होते. तुम्हाला बोलवायला दुकानात आले, तर लग्नसराईची गर्दी, गादीवर साड्यांचा ढीग. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आज न्हाई जमायचं. जा तू." संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईपाशी तणतणत होते, दुकानातच बसणारा शेटचा भाऊ दर रविवारी घरी असतो, मग आप्पांनीच का जायचं? तुम्ही माझ्यापुढे ताट सरकवलंत आणि म्हणालात, "मालकाला इचारायचं नसतं. गप जेव." तेव्हा तुम्ही मला भित्रे वाटलात. पुढेही कितीतरी वर्षं वाटत राहिलात.

यंदा सलग पाच महिने माझी शनिवार-रविवार ड्यूटी लागली. सुपरवायझरच्या मेहुणीला मात्र दर रविवारी सुट्टी. माझी लेक कबड्डी खेळते, सामने रविवारीच असतात. मी एकही बघितला नव्हता. तालुक्याच्या सामन्याआधी सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेले. त्याआधी दोनदा दारातून परत फिरले होते, आप्पा. तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुम्हाला काय होत असेल.

"सर, रविवारची सुट्टी फिरती करा ना."

"तू जुनी हायेस, गर्दी आवरतीस. दुसरं कुणाला लावू?"

"जुनी हाय म्हणूनच मागतीय. पाच महिन्यांचे ड्यूटीचे चार्ट मोबाईलमध्ये हायेत माझ्या. मोठ्या साहेबांना दाखवू का?"

त्यानं टेबलावरचा चार्ट पुढे ओढला. पुढच्या चार्टवर माझ्या नावापुढे रविवारची सुट्टी आली. मी सामना बघितला. लेकीचा संघ हरला, तरी शिट्टी वाजल्यावर ती तशीच मातीनं माखलेली धावत माझ्याकडे आली.

पण मेहुणीचा रविवार गेलाच नव्हता. माझ्या जागी वडगाव रासाईहून एसटीनं येणारी बाई लागली होती. नुकतीच रुजू झालेली, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. सोमवारी तिनंच मला विचारलं, "जिंकली का वं पोरगी?" मी तिच्या ड्यूटीचं काढलं, तर म्हणाली, "मी नवीन हाय, ताई. आपण काय बोलायचं?" मी मान हलवली आणि पुढच्या रविवारीही सुट्टी घेतली.

तिसऱ्या आठवड्यात तिला बरोबर घेऊन केबिनमध्ये गेले. ती दाराशी उभी राहिली, बोलले मीच. आता चौघींचे रविवार पाळीनं फिरतात, मेहुणीचाही. मेहुणी माझ्याशी बोलायची बंद झाली आहे. मला महिन्यातून एखादाच रविवार मिळतो.

केबिनमधली गोष्ट मी घरी सगळ्यांना सांगते. लेक तर मैत्रिणींनाही सांगते. त्या दुसऱ्या रविवारचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी सामना नव्हता, घरात काही कामही नव्हतं. माझ्या जागी कोण उभं आहे, हे मला माहीत होतं. मी दुपारी जेवून झोपले, आप्पा, आणि झोप चांगली लागली.