सुईच्या पावाची भट्टी

मी, कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाची मालकीण, दिवंगत भट्टीवाल्यांची पत्नी, वय सत्तरीच्या पुढे, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही गोड बोलून, रडून किंवा धाक घालून मला भरीस घातलेले नसताना, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय करावे ते या कागदाने ठरवून ठेवते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात भट्टी फोडून तिच्या विटा विकाव्यात असे लिहिले होते. तेव्हाही मी शुद्धीवरच होते.

१. दुकानावरचे राहते घर, त्यातली कपाटे, भांडी व शिवणयंत्र यांसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. बँकेतली ठेव आणि माझे दागिनेही तिचेच. जावईबापूंच्या मनात स्वयंपाकघराची भिंत पाडून मोठी खोली करायचं फार दिवसांपासून आहे. आता खुशाल पाडावी. मी बघायला नसेन.

२. माझ्या धाकट्या दिराला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. कारण लिहायची गरज नाही असं वकीलसाहेब म्हणतात. मला आहे. यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरता भरेना, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि मधुमेह निघाला. त्याच आठवड्यात दीर क्रीमचा भलामोठा केक घेऊन दारात हजर. म्हणे, "एका दिवसानं काय होतंय, दादा! जगून घ्या!" जगायचं होतं म्हणूनच तर पथ्य सुरू केलं होतं. शिवाय ज्याच्या घरात भट्टी आहे त्याच्याकडे बाहेरचा केक घेऊन येणारा माणूस काय लायकीचा असेल, ते वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

३. खालचे दुकान, भट्टी, पीठ मळायचे यंत्र, साचे, पत्रे, आंबवणाची बरणी आणि दुकानाचे नाव ही सगळी मिळकत मी सुईला देते.

सुई हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव वकिलांनी वेगळ्या कागदावर घेतलं आहे. ती प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायची नोकरी करायची. यांचं रक्त काढताना यांनी तिला विचारलं, "बाई, मी पाववाला. आता पाव सोडला तर मी करू काय?" ती म्हणाली, "भाऊ, मला लहानपणापासून शुगर आहे. रोज इंजेक्शन घेते आणि रोज पावही खाते. पाव सोडायचा नाही. पाव बदलायचा." हे घरी आले ते हेच वाक्य घोळवत. जेवताना तेच, झोपताना तेच. माझं एखादं वाक्य यांनी असं घोळवलेलं मला आठवत नाही.

मग ती सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानात येऊ लागली. मी पुढे गल्ल्यावर, ते दोघे पडद्यामागे भट्टीपाशी. मैदा कमी करत करत बंद झाला. जाडसर दळलेला गहू, ओट, सातू, मूठभर जवस असं एकेक आत आलं. यीस्ट जाऊन आंबवण आलं, पीठ थंड जागी सावकाश फुगू लागलं. पाव भाजायचा, एक काप खायचा, दोन तास काम करायचं आणि मग बोट टोचून आकडा बघायचा. आकडा चढला की पुन्हा पहिल्यापासून. आधी भाजी आणि अंडं, मग पाव. जेवल्यावर खुर्चीला न चिकटता गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. ही शिस्तही तिचीच. यांच्या अंगठ्याची जखम भरली. ते सुखाने जेवू लागले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पडद्यामागून दोघांचं हसू ऐकू आलं की माझ्या हातून गिऱ्हाइकाला सुटे पैसे चुकीचे जायचे.

त्यांच्यात तसलं काही नव्हतं. हे मी मुलीसाठी लिहिते, मला ते तेव्हाही ठाऊक होतं. तसलं काही असतं तर मी झिंज्या धरून बाहेर काढली असती, आणि सगळी गल्ली माझ्या बाजूने उभी राहिली असती. पण एक बाई माझ्या नवऱ्याला चांगला पाव करायला शिकवते, ही तक्रार कोणाकडे नेणार?

एकदा मी पडदा सारून आत गेले आणि बोट पुढे केलं. म्हटलं, "मलाही टोच." तिने टोचलं, आकडा बघितला आणि म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय धाड भरलीय! ठणठणीत आहात." दोघेही हसले. मी बोट पदराला पुसलं आणि गल्ल्यावर येऊन बसले. माणसाला आपल्या निरोगीपणाची लाज वाटू शकते, हे तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी मी यांना सरळच विचारलं, "तिच्यापाशी असं काय आहे, जे माझ्यापाशी नाही?" यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "शुगर." ते हसले.

पाव चालला. लांबून लोक येऊ लागले. काचेपाशी उभे राहून मलाच विचारायचे, "त्या बाईंचा पाव आहे का?" पत्रे मी घासले, पहाटेची भट्टी लग्न झाल्यापासून मी पेटवली, आणि पाव त्या बाईंचा! मीच रागाने त्याला 'सुईचा पाव' म्हणायला लागले, तर लोकांना ते नाव आवडलं आणि तेच पडलं.

हे गेले ते हृदयविकाराने, बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, "यांची शुगर शेवटपर्यंत ताब्यात होती, याचं श्रेय घरच्यांना." आणि खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. माझ्या मुलीनेसुद्धा. सुई माझ्यापेक्षा मोठ्याने रडली. शेजारणी पाणी घेऊन आल्या आणि पहिला पेला तिला दिला. मी तिला सांगितलं, "आता इथे तुझं काही काम नाही." ती गेली. दुसऱ्या दिवसापासून मी तो पाव बंद केला. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटली. एकदा गुपचूप करून बघितला, तर विटेसारखा झाला. पीठ मळताना मी पडद्याच्या अलीकडे असायचे, मला कुठून येणार!

पुढे मला तहान लागायला लागली. घसा ओला राहीना, डाव्या डोळ्याला धूसर दिसू लागलं. मी तिच्या प्रयोगशाळेत न जाता लांबच्या दुसऱ्या ठिकाणी गेले. मधुमेह निघाला. खरं सांगते, कागद हातात आला तेव्हा मला आधी भीती वाटली नाही. मी रिक्षा केली, तडक तिच्यापुढे गेले आणि कागद तिच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "घे. मलाही आहे."

तिने कागद वाचला आणि तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "रडतेस काय? तुला एकटीलाच हवा होता का?" तेव्हा ती रडता रडता हसायला लागली. "वहिनी, असा मिरवत रिपोर्ट आणणारं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं. उद्या सकाळी येते. भट्टी पेटवून ठेवा."

ती आली. पीठ तिने सांगितलं, मी मळलं. भट्टी किती तापली ते तिला कळत नाही, यांनाही कधी कळलं नाही, ते मीच पुढून ओरडून सांगायचे, "आता घाला!" म्हणून. पाव उत्तम फुगला. आम्ही एकेक काप खाल्ला, दोन तासांनी बोटं टोचली. माझा आकडा तिच्यापेक्षा कमी आला. मी तो दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत होते. तेव्हापासून किसलेलं सफरचंद आणि बदामाची पूड घालून बिनसाखरेचा केकही आम्ही बसवला आहे. तो यांना मिळाला नाही, हे वाईट.

एकदा मी तिला विचारलं, "तुम्ही दोघं आत हसायचात तरी कशाला?" ती टाळत होती, मी सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "भाऊ अधूनमधून काउंटरमागचा केकचा तुकडा चोरून खायचे. बोट टोचलं की साखरेचं यंत्र ते पकडायचं. मग मला म्हणायचे, हिला सांगू नकोस हं, माझा पाव बंद करील." मी हे ऐकलं आणि पुन्हा पेटले. पोरीने इतकी वर्षं माझ्या नवऱ्याची चोरी स्वतःपाशी ठेवली! नवऱ्याची चोरी आधी बायकोने पकडायची असते. ते माझ्या वाट्याचं होतं. हा राग मी अजून सोडलेला नाही आणि दुकान दिल्याने तो मिटला असे कोणी समजू नये.

वकीलसाहेबांनी विचारलं, "घेणारीचं तुमच्याशी नातं काय लिहू?" मैत्रीण म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "नणंद लिहा." ते म्हणाले, "मानलेली नणंद." मी म्हटलं, "मानलेल्या नणंदेवर एवढं जळत नाहीत." तरी कायद्यासाठी 'मानलेली' हा शब्द घालावा लागला. तो माझ्या इच्छेविरुद्ध आहे.

४. मुलीने वरील देणगीस हरकत घेऊ नये. तिला भट्टीची धग सोसत नाही, आणि सुईला ती 'मावशी' म्हणते. इतक्या मायेने तिने माझ्या बहिणींनाही कधी हाक मारली नाही, हे मी ऐकत आले आहे.

५. यांची लाकडी खुर्ची मात्र दुकानाबरोबर जाणार नाही. ती मुलीने वर न्यावी. सुईला बसायला स्टूल पुष्कळ आहेत.

६. मी गेल्यावर जमणाऱ्या माणसांना सुईचा पाव, उकडलेली अंडी, भरपूर कोशिंबीर आणि बिनसाखरेचा चहा द्यावा. गोड काही ठेवू नये. ज्यांना चालत नाही त्यांनी दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत बसायचं, हे मी माझ्या दारात होऊ देणार नाही. जेवण झाल्यावर सर्वांनी गल्लीच्या टोकापर्यंत चालून यावे. दिरानेही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. सुईची साक्षीदार म्हणून सही घ्यायची होती, पण जिला मिळायचं तिने सही करायची नसते म्हणे. तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे आणि माझी जेवायची वेळ टळली म्हणून मघापासून दोनदा दार वाजवून गेली आहे.

८. एक राहिलं. माझ्यामागे गल्ल्यावर कोणीतरी बसवावं लागेल, सुईला एकटीला दोन्हीकडे जमणार नाही. जी कोणी येईल ती माझ्याहून तरुण असणार. कदाचित तिलाही शुगर असेल. दोघींचं मेतकूट जमेल, सकाळी एकमेकींची बोटं टोचतील आणि एकच काप वाटून खातील. सुईने तिला चांगला पगार द्यावा, वेळच्या वेळी जेवू घालावं. त्या बाईचा मला आजच राग येतो आहे, याची नोंद घ्यावी.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, मला पटले, म्हणून सही केली.

(सही) पावाच्या दुकानाची मालकीण

साक्षीदार :
१. (सही) समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर. लिहून देणारी पूर्ण शुद्धीवर असून माझ्याशी वाद घालत होती.
२. (सही) वकिलांच्या कचेरीतल्या टंकलेखिका. लिहून देणारीने माझ्या देखत सही केली.

ठिकाण : वकिलांची कचेरी, पहिला मजला
दिनांक : ९ नोव्हेंबर २०१९