सोळा तारखेचा दाखला

रविवार, १० मे

आज आणखी तीन आले. या महिन्यात अकरा झाले. मृत्यूचे दाखले. अरबीतून इंग्रजी करायचं, शिक्का मारायचा, पुढचा घ्यायचा. अकराही जण तुरुंगात होते आणि अकराही जणांचं हृदय बंद पडलं! त्यातला एक तेवीस वर्षांचा. आमचे नानामामू राजापुरात ऐंशीव्या वर्षी मटणाची नळी चोखत बसतात, त्यांचं काही बंद पडत नाही.

दाखले येतात त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. यादवी संपून दीड वर्ष झालं. जिंकलेल्यांनी आधी हरलेल्यांना माफी जाहीर केली, मग माफीसाठी नाव नोंदवायला आलेल्यांनाच आत टाकलं. बरी सोय. घरं शोधत फिरायला नको.

आणि काम किती गबाळं! सगळे दाखले एकाच फाईलमधून काढलेले. नाव बदलायचं, प्रिंट मारायची. मीही तेच करते, नाही म्हणत नाही. पण मी निदान शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. एका दाखल्यात आधीच्या माणसाच्या आईचं नाव तसंच राहिलंय. दाखला दिल्याची तारीख तर एकावरही नाही. माणसं मारता येतात, कागद करता येत नाही.

सोमवार, ११ मे

अश्फाकभाईंना ते आईचं नाव दाखवलं. आखातातलं हे भाषांतराचं ऑफिस त्यांचं, माणूस महाडचा, देवभीरू. चष्मा वर करून म्हणाले, "आपल्याला काय करायचा हाय, खतिजा? जसा आलाय तसा टाइप कर. खाली 'मूळ प्रतीप्रमाणे' मार. खलास."

मारलं. मग दोघांनी चहा घेतला. आपण फार प्रामाणिक लोक.

बुधवार, १३ मे

आज एकही नाही. तिकडचा डॉक्टर रजेवर असेल.

सोमवार, १८ मे

तिकडून कागद आणणाऱ्या एजंटच्या पाकिटात आज वलीचा दाखला निघाला. हनियाचा नवरा. ती अल मुंतझात आमच्याच मजल्यावर राहते, मुऐदरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, दोन मुलं. वली इथे शाळेत गणित शिकवायचा. माफी घ्यायला म्हणून गेला तो गेलाच. मी तेव्हाच म्हटलं होतं, मांजराने बोलावलं म्हणून उंदराने जेवायला जाऊ नये. हनिया महिनाभर बोलली नव्हती माझ्याशी.

फोन करून सांगितलं. आमच्या नेहमीच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मूळ कागद मला दाखवू नकोस. पासपोर्टला लागतं तेवढं दे." मुलांचे पासपोर्ट ३१ला संपतात. बापाची सही नाहीतर बापाचा दाखला, त्याशिवाय नवे मिळत नाहीत.

आणि त्या दाखल्यावर मृत्यूची तारीख काय? २६ मे! आज १८. माणूस पुढच्या आठवड्यात मंगळवारी मरणार म्हणे. हसूच आलं मला, खोटं कशाला लिहू. अरबी एक आणि अरबी दोन यांत फरक तो केवढा, एका वळणाचा. तेवढंही धड जमत नाही यांना.

परत पाठवला तर महिना जाईल. 'मूळ प्रतीप्रमाणे' म्हणून २६ ठेवला तर पासपोर्टवाले हाकलून देतील. मी १६ टाइप केलं. अश्फाकभाईंना सांगितलं नाही. मूर्खांची चूक शहाण्याने निस्तरायची, दुसरं काय.

मंगळवार, १९ मे

हनियाला भाषांतर दिलं. रडली नाही. तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "सोळा. शनिवार होता. आम्ही समुद्रकाठी, कॉर्निशवर आइस्क्रीम खात होतो."

ती तारीख माझी होती.

गुरुवार, २१ मे

पासपोर्टची फाईल स्वीकारली. हनियाने मला मिठी मारली. मीही मारून घेतली.

सोमवार, २५ मे

दुपारी हनिया ऑफिसात आली, हातात मिठाईचा डबा. मला वाटलं डोकं फिरलं हिचं.

वली जिवंत आहे! त्याच्या कोठडीतला एक म्हातारा सुटला, काल त्याने फोन केला. गेल्या शुक्रवारपर्यंत दोघे एकत्र होते. "सोळाला मेलेला माणूस शुक्रवारी विचारतोय, धाकटीचा दात पडला का!" ती हसत होती, रडत होती, अश्फाकभाईंना बर्फी भरवत होती. त्यांच्याही डोळ्यांत पाणी.

तिच्या भावाच्या ओळखीचे वकील आहेत. नाव बाहेर गाजवलं, परदेशी वकिलातींना कळवलं की तिकडचे घाबरतात. असे दोघे सुटले आहेत, पण वेळेत कळवलं म्हणून. हनियाला म्हटलं, आजच जा. म्हणाली, "आता कसली घाई? त्यांनी दिलेली तारीख तर टळली. परवा ईद. ईद झाली की जाते."

ती गेल्यावर मी फाईल काढली. २६. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. वळण स्पष्ट आहे, कुणाचा हात चुकलेला नाही. ईदची सुट्टी लागणार म्हणून तिकडच्या कारकुनाने पुढचं काम आधीच उरकून ठेवलंय. नीटनेटका माणूस. गबाळी मी. आठ दिवस! आठ दिवस हातात होते, आणि मी ते दुरुस्त केले.

सोमवार, संध्याकाळी सहा

हनियाला फोन लावला. मागे मुलं दंगा करत होती. "बोल," ती म्हणाली, "शिरखुर्म्याला खजूर कुठले आणू?"

मी म्हणाले, हनिया, ती तारीख मी बदलली होती. खरी उद्याची आहे.