पप्पूच्या कपाळावरचं पाणी

शिरूर,
६ जुलै १९९८

विहीणबाई रंगुबाई यांस,

शिरूरहून सोजरबाईचा प्रभूच्या नावानं सलाम. वि. वि. इकडं सगळी खुशाल, गुडघे सोडून.

पत्र सून सुषमा, हर्षदाची आई, लिहितीय. मी बोलंन तसंच लिही, सुधरू नको, असं बजावलंय.

हर्षदा माझी नात, तुमची नातसून. तिचा पप्पू आपल्या दोघींचा पणतू. आन् त्या एवढ्याशा जिवावरून तीन देवळांची कुस्ती लागलीय. आमच्या मिशनच्या देवळात माझा बाप्तिस्मा झाला, शलमोनचा झाला, हर्षदाचा झाला. तवा पोरगं शिरूरला आणा, हे माझं म्हणणं. तुमच्या रोमन फादरनंच पाणी घालावं, हे तुमचं. आन् शलमोन, माझा ल्योक, हर्षदाचा बाप, त्यो सणसवाडीला कंपनीतल्या सोबत्यांबरोबर भाड्याच्या खोलीत फेलोशिपला, म्हंजी त्यांच्या येगळ्या प्रार्थनेला, जातो. कोरेगावला भीमेत बुडी मारून नव्यानं बाप्तिस्मा घेऊन आला. मी म्हटलं, दोन डाव न्हालास तरी कानामागचा मळ हाय तसाच. हसला न्हाई. म्हणतो, तान्ह्या लेकराला काय कळतंय? दौंडच्या चर्चमधी त्याला पाणी घातलं तर हर्षदाच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई.

बोलल्यासारखं करणारा हाय त्यो, माझ्यावर गेलाय. पोरीनं बाप तोडायचा का सासर? तुम्ही तरी जरा नमतं घ्या. मला ती सवय न्हाई.

लोभ हाय तेवढा टिकवा. वाढला तर चहात दिसू द्या.

तुमची,
सोजरबाई

---

दौंड,
१५ जुलै १९९८

सोजर विहीणबाईंना रंगुबाईचा सलाम, वि. वि.

पत्र हर्षदा लिहिते आहे. नळावर घसरून माझा उजवा हात मोडला, प्लास्टरात आहे. तसंही अक्षराशी माझं कधी जमलं नाही, पण आता सांगायला कारण तरी झालं.

मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की रोमन लोकांत मेणबत्त्याच फार. मग लाइट गेल्यावर तुमच्या देवळात काय करता, तेवढं कळवा. नमतं घ्यायचं म्हणाल तर आमचे फादर म्हणतात, घाई नाही, घरात आधी एकमत करा. एकमत आणि आपल्या घरात! ते बिचारे लग्न न केलेले, त्यांना काय ठाऊक.

थट्टा पुरे. पप्पूला खोकला आहे. रात्री छाती घरघरते. तुम्ही या. भांडण पदरात बांधून आणलंत तरी चालेल. शलमोनलाही आणा. त्याला उंबरा ओलांडायचा नसेल तर अंगणात खुर्ची टाकून ठेवते.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
रंगुबाई

(आई, लवकर ये. हे मी माझं लिहिते आहे. हर्षदा.)

---

दौंड,
३ ऑगस्ट १९९८

सोजर विहीणबाईंना रंगुबाईचा सलाम, वि. वि.

पप्पू काल दवाखान्यातून घरी आला. दूध ओढून पितो, माझं प्लास्टर चावतो. देवाची दया. खोकला छातीत उतरला आणि तुम्ही सगळे दवाखान्यात धावून आलात, ती संध्याकाळ अजून आठवते. शलमोन दवाखान्यात आला, पण तिथूनच माघारी गेला. खुर्ची अंगणात तशीच आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका. मी फादरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आशा सोडली, फादर बाहेरगावी, तुमचे पाळकसाहेब शिरूरला. मग तुम्ही पेल्यातलं पाणी पप्पूच्या कपाळावर घातलंत आणि लहानपणी मठातल्या सिस्टरांनी शिकवलेले शब्द मी म्हटले. फादरांचा चेहरा उजळला. जीव जायची वेळ आली तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, म्हणाले, म्हातारीसुद्धा. आणि एकदा दिला की दिला, तो पुन्हा कुणी द्यायचा नसतो, आमच्याकडे नाही आणि शिरूरलाही नाही. मग नाव काय घेतलं विचारलं. मी म्हटलं, पप्पू. ते म्हणाले, या नावाचा संत अजून व्हायचाय.

पण मग एकदम थांबले. पाणी एकीनं आणि शब्द दुसरीनं, असं चालत नाही म्हणे. जो पाणी घालतो त्यानंच शब्द म्हणायला हवेत. नाहीतर चर्चमध्ये पुन्हा विधी करावा लागेल. म्हणजे पुन्हा ती कुस्ती, आणि शलमोन कायमचा बाहेर.

तेव्हा आठवून सांगा. पाणी घालताना तुमचं तोंड काय करत होतं? माझे डोळे मिटलेले होते. फादर म्हणाले, खरं तेच हवं, प्रेमापोटी काही नको.

उत्तराची वाट आणि तुमची वाट, दोन्ही पाहते.

तुमची,
रंगुबाई

---

शिरूर,
९ ऑगस्ट १९९८

रंगू विहीणबाईंना सोजरबाईचा सलाम, वि. वि.

माझं तोंड गप हुतं का, हे तुम्ही मला इचारता? तुमच्या नातवाच्या लग्नात मंगल आशीर्वाद चालू असताना मला कोपरखळी मारून गप केलं हुतंत, इसरलात?

पण फादरला खरं हवं, तर खरं सांगते. पप्पूचे ओठ निळे पडले हुते. तुम्ही तोंड उघडलंत आन् पहिल्या शब्दापासून मी तुमच्या संगं बोलाया लागले. मला कुणी शिकवलं न्हाई. जलमभर प्रत्येक लेकराच्या बाप्तिस्म्याला देवळात बसून ऐकलं, तेच शब्द, तसेच. पित्याच्या म्हटलं आन् पाणी घातलं. पुत्राच्या म्हटलं, घातलं. पवित्र आत्म्याच्या नावानं म्हटलं, तवा पाणी कपाळावरनं कानात गेलं आन् पोरगं दचकलं. मला वाटत हुतं रोमनांचे शब्द येगळे असतील. एक अक्षर येगळं न्हाई, विहीणबाई! माझा आवाज मला येगळा ऐकूच आला न्हाई.

माझ्या अंगावर काटा आला, त्यो आजून बसला न्हाई. ज्यानं आभाळ ताणलं, त्यो त्या स्टीलच्या पेल्यापाशी येऊन उभा हुता, आन् कोण कुठल्या देवळाचं हे इचारत न्हवता. मला पायातल्या चपला काढाव्या वाटल्या. काढल्याबी. एक तिथंच राहिली, सापडली तर ठेवा.

आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, झाला बाप्तिस्मा, आता कुणी हात लावायचा न्हाई.

हितं सुषमाला म्हटलं, पेला तू वेळेवर आणून दिलास, बरं झालं. तिचं पेन थांबलं. म्हणाली, आत्या, मी न्हाई आणला. मी तर हर्षदाला धरून बसले हुते.

त्यो शलमोननं आणला. दाराआडून आपलं बोलणं ऐकलं, पेला इसळला, भरला, खाटेपाशी ठेवला आन् भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. कशासाठी नेतोय ते ठाऊक असून. सुषमानं बघितलं, पण आजवर बोलली न्हाई.

मी त्याला काही इचारलं न्हाई. मला गप बसता येतं, हे तुम्हालाबी कळू द्या. आत्ता त्यो बाहेर शेजाऱ्याला रविवारची दौंडची एस्टी कवा हाय ते इचारतोय.

लोभ असू द्या, आन् अंगणातली खुर्ची आत घ्या.

तुमची,
सोजरबाई