विंडीशीलचं छप्पर कोणी उतरवलं

मी, युफेमिया लेडलॉ, वय ब्याऐंशी, अविवाहित, आयुष्यभर मेंढ्या राखलेली, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. आधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहतं घर भाची क्रिस्टीला. तिनं भिंती गुलाबी रंगवल्या तरी चालेल. भांडायचं त्राण उरलेलं नाही.

२. मेंढपाळीची काठी, लोकर कातरायच्या कात्र्या आणि म्हातारी कुत्री नेल, शेजारच्या हेअरक्लूख शेतावरच्या ॲडम ब्रायडनला. कुत्री तशीही त्याच्याच चुलीपाशी पडलेली असते.

३. डोंगरावरचं विंडीशीलचं पडकं दगडी घर माझ्या मालकीचं आहे. तिथे कोण कोण राहून गेलं हे शोधण्यात तीस वर्षं गेली. शेवटची जॅनेट स्कूलर, विधवा, पदरी चार मुलं. चर्चच्या वहीत १८९३च्या नोव्हेंबरात एवढीच ओळ: 'हेअरक्लूखने छप्पर उतरवले.' म्हणजे राहणाऱ्यांना हुसकावलं, परत येऊ नयेत म्हणून घर उघडं पाडलं. आमच्याकडे शेतकऱ्याला त्याच्या शेताच्याच नावानं ओळखतात. हेअरक्लूख म्हणजे ब्रायडन, हे मी धरूनच चालले. ॲडमच्या वडिलांच्या दफनाला, सगळ्यांदेखत, त्याला म्हणाले, "तुमच्या घराण्यानं विधवेची लेकरं बर्फात बाहेर काढली." तेव्हापासून बोलणं बंद. त्याला चौदा वर्षं झाली.

या हिवाळ्यात हेअरक्लूख शेताचा जुना भाडेकरार हाती लागला. ब्रायडन आले १८९७ साली. त्याआधीचा हेअरक्लूख रॉबर्ट लेडलॉ, माझा सख्खा आजोबा. आमच्या घरात हे कधी कोणी बोललंच नाही. मला फार लाज वाटते. म्हणून विंडीशील ॲडमला.

४. वरचं सगळं आज ॲडमला बोलावून वाचून दाखवलं. ऐकून तो म्हणाला,

"एवढं कळायला तीस वर्षं लागली होय, मावशी?"

"लागली खरी. चुकलं माझं."

"साक्षीदार कोण?"

"वकिलांकडची बाई. तुझी सही नको म्हणतात. ज्याला मिळतं त्यानं सही केलेली बरी दिसत नाही."

"मग खोडा माझं नाव. घर नको, काठीही नको. कुत्री आजच घेऊन जातो."

"अरे, पण का?"

"बाबांच्या थडग्यापाशी ते सगळ्यांनी ऐकलं. हे वाचतील तेव्हा खाली ब्रायडनची सही दिसू दे."

कलम दोन आणि तीनमधून त्याचं नाव खोडलं आहे. कुत्री तो घेऊन गेला; बाकी सारं क्रिस्टीला जावं. माझ्या दफनाच्या दिवशी चर्चमध्ये हे मोठ्यानं वाचावं, एक शब्दही न गाळता.

सही: युफेमिया लेडलॉ
साक्षीदार: ॲडम ब्रायडन
स्थळ: माझं स्वयंपाकघर, हेअरक्लूखच्या खालच्या अंगाला
दिनांक: ९ एप्रिल २०१९