सातवा पट्टा

४ नोव्हेंबर
आज घडले ते असे:
१. दुपारी पोहोचले. सामान शाबूत, कंबर नाही.
२. राहायला खालचे घर मला, टेकडीवरचा मनोरा प्रकल्पप्रमुख मॅडमना. मधे दरी.
३. त्या म्हणाल्या, “मॅडम म्हटलंस तर चहा मिळणार नाही. ताई म्हण.” म्हटले. चहा मिळाला.
४. दाराची आतली कडी सैल आहे. ताई बघते म्हणाल्या.
मी खूश आहे. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

६ नोव्हेंबर
पाच बिबट्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे आहेत, प्रत्येकाचा चॅनेल वेगळा. अँटेना फिरवायची, टिकटिक मोठी होईल त्या दिशेला प्राणी. पट्टा बराच वेळ हललाच नाही तर टिकटिक जलद होते. म्हणजे प्राणी मेला, किंवा पट्टा गळून पडला. सर्वांत धीट मादीला ड्रायव्हरकाका ‘आत्याबाई’ म्हणतात: न बोलावता येते आणि घर तपासून जाते.
ताईंचा प्रश्न एकच. बिबट्याची माणसाविषयीची भीती नेमकी कधी सरते? ते कळले तर दोघेही वाचतील, असे त्या म्हणतात. या वाक्यासाठीच मी इथे आले.
थंडी आहे म्हणून त्यांनी स्वतः मला जाकीट घातले, धाकट्या बहिणीला घालावे तसे, चेन गळ्यापर्यंत ओढून. आंबूस वास येतो. जंगलाचा वास आहे, सवय होईल, म्हणाल्या.

९ नोव्हेंबर
ताई येऊन गेल्या. कडी राहिलीच. वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीवर मात्र तेलाचा बोळा फिरवला.
ओढ्याकडून सहाव्या चॅनेलवर जलद टिकटिक येते. जुना गळालेला पट्टा, आणायची घाई नाही, म्हणाल्या. माझ्या आधीची मुलगी आणणार होती, पण न सांगता काम सोडून गेली. हल्लीच्या पोरांना दम नाही, असे काका म्हणाले आणि माझ्याकडे न बघता गाडी पुसत राहिले.

१२ नोव्हेंबर
यादीत नसलेला सातवा चॅनेल लागला. संथ टिकटिक, म्हणजे हलता प्राणी. पाणवठ्यावर जवळ. वाटेवर जवळ. मागे वळून पाहिले, कोणी नाही. ताईंना वायरलेसवर विचारले. यंत्र जुने आहे, म्हणाल्या. तू घाबरट असशील असे वाटले नव्हते. लाज वाटली.

१४ नोव्हेंबर
पायरीवर आत्याबाईंचे ठसे. सातवा घरातच आहे. अँटेना खोलीभर फिरवली. कपाट. पलंग. खुंटी.
खुंटीवर जाकीट. शिवण उसवली. अस्तरात ट्रान्समीटर.
वासही ओळखला. प्राणी कॅमेऱ्यासमोर यावा म्हणून आपण खांबाला लावतो ते आमिषाचे तेल.

१५ नोव्हेंबर, सकाळ
जाकीट न घालता ओढ्यावर गेले. सहावा सापडला. तोही जाकिटातच. माझ्यासारखेच जाकीट. त्यात — नाही लिहीत.

दुपार
परतले तर खुंटीवर सातवा जलद वाजत होता. कालपासून हललेला नाही. मनोऱ्यावर त्यांनाही तेच ऐकू येत असणार.
वायरलेस सुरू होता. ताई काकांशी बोलत होत्या. “सातवी थांबली. घाई नको, सोमवारी उचलू.” काकांनी विचारले, पोरीच्या घरी काय कळवायचे. “सोडून गेली म्हणून कळवा. मागच्यासारखं.”
बटण दाबले. मी जिवंत आहे, सांगितले. ओढ्यावर जाऊन आले आहे. त्या मुलीचे नाव आणि तिच्या घरचा पत्ता हवा आहे. सोमवारपर्यंत उत्तर द्या.
मग ताई, पहिल्या दिवशीच्याच मायेने:
“अगं, मग जाकीट का काढलंस?”

जाकीट खिडकीतून बाहेर फेकले. वास गेला नाही. चौकटीला येतोय. वाळवीचे तेल — वाळवीचे नव्हतेच —

आत्याबाईंचा चॅनेल लावला. अँटेना कुठेही धरली तरी तेवढाच मोठा आवाज —

पलंग दाराला लावला. तो सरकतोय. ताई, सोमवारपर्यंत उत्तर द्या. आतली कडी अजून —